त्या शब्दाखालचा ताल

माझ्या चुलतभावाचा मी जन्मभर हेवा केला. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी शोधून काढण्यापेक्षा बरं. आमच्या वाडीतला पहिला बी.ए. मी. आमच्याच काय, आजूबाजूच्या सात-आठ वाड्यांत दुसरा नव्हता. दादा, म्हणजे हा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि दुसरीतून शाळा सोडलेला. सही येत नव्हती असं नाही, पण अंगठ्यावर त्याचा विश्वास जास्त. तरी भाद्रपदात गणपती आले की सगळी वाडी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि माझ्या पदवीकडे कुणी ढुंकून पाहायचं नाही.

दादा जाखडीचा शाहीर होता. ज्यांनी जाखडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मध्ये गाणारा, ढोलकीवाला आणि झांजवाले बसतात. भोवती पायांत चाळ बांधलेले दहा-बारा गडी फेर धरतात. पार्ट्या दोन, शक्तीवाले, म्हणजे आम्ही, आणि तुरेवाले. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. सवाल पुराणातले असतात, पण ते संपले की खरी मजा सुरू होते. मग एकमेकांची उणीदुणी निघतात. आई-बहीण सोडून कुणाचं काहीही काढावं, चालतं. गाणं संपलं की दोघे शाहीर गळ्यात गळा घालतात आणि विडा अर्धा अर्धा करून खातात. रिंगणातलं रिंगणात राहतं. हा आमच्याकडचा कायदा, सरकारच्या कायद्याहून जुना.

पंचक्रोशीत चांगला ढोलकीवाला एकच होता. त्यामुळे सामना लागला की तोच दोन्ही पार्ट्यांना वाजवायचा. शक्तीवाले गायला उठले की त्यांना, तुरेवाले उठले की त्यांना, आणि कुणालाही कमी-जास्त नाही. वयाने चाळिशीचा, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. तो चामड्याचं काम करणाऱ्या जातीतला. वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या त्या काठाला, त्यांची चार घरं होती. रिंगणात तो मधोमध बसायचा आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती नाचायचो. गाणं संपलं की तो उठून खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेला जायचा, तिथे त्याला करवंटीत चहा मिळायचा. हे तेव्हा मला दिसत होतं, खटकत नव्हतं. खटकत होतं असं आज लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं होईल.

पुण्याला कॉलेजात मी चार वर्षं काढली. पहिल्याच दिवशी खाणावळीत माझ्या बोलण्याचा हेल ऐकून एकाने मला ‘बाल्या’ म्हटलं. आमच्याकडचे गडी मुंबईत घरकामाला असत, कानात बाळी घालत, त्यावरून त्यांना तशी हाक मारायची पद्धत. हाक मारणाऱ्याच्या लेखी तो माणूस नव्हेच, भांडी घासायची सोय. पदवीपर्यंत ती हाक सुटली नाही. मी उत्तर दिलं नाही, हेल मात्र घासून घासून घालवला. त्याच कॉलेजात वादसभेत मी भाषणस्वातंत्र्यावर बोललो आणि पहिला आलो. मिठाच्या सत्याग्रहानंतरचे ते दिवस. सरकार वर्तमानपत्रांकडे जामीन मागत होतं, छापखान्यांना कुलपं लागत होती. बोलणाऱ्याचं तोंड धरायचा हक्क कुणालाच नाही, शब्दाला उत्तर शब्दानेच द्यावं, असं मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. ‘बाल्या’ म्हणणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. ते भाषण मला अजून जवळजवळ पाठ आहे, आणि त्यातलं फारसं काही मी मागे घेतलेलं नाही.

परत आलो तेव्हा वाडीने वाजतगाजत घरी नेलं. आठ दिवस कौतुक झालं. मग रत्नागिरीत एका शाळेत मास्तरकी मिळाली. शनिवारी दुपारी भाट्याची खाडी तरीतून ओलांडायची आणि पुढे चालत घर गाठायचं. वाटेत भेटेल तो विचारायचा, “दादा मुंबैवरून कधी येतोय?” दादा गिरणीत होता, वर्षाकाठी पंधरा दिवस गावात. मी दर आठवड्याला यायचो. माझ्या येण्याची कुणी वाट पाहत नव्हतं. माझी सख्खी आई, घावणे करायला बसली की पहिला घावणा दादाच्या पानात. “गळा तापतो त्याचा,” म्हणायची. माझं डोकं तापायचं ते तिला दिसत नसे.

त्या वर्षी मी ठरवलं, पद आपण लिहायचं. दादा पदं मनातल्या मनात रचायचा, गिरणीत मागावर उभा राहून. मी म्हटलं, शिकलेल्या माणसाने लिहिलं तर काय होतं ते एकदा लोकांना कळू दे. चार रात्री जागलो. गणपतीच्या चौथ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत कागद घेऊन दादासमोर बसलो.

“वाच,” तो सुपारी कातरत म्हणाला.

मी वाचलं. पहिली दोन कडवी देवाची होती. दादाची मान हलत होती. तिसऱ्यात तुरेवाल्यांच्या शाहिराला झोडपलं होतं. हा संगमेश्वराकडचा, आडदांड, खणखणीत आवाजाचा आणि दादाला टक्कर देणारा एकटाच. कडव्याच्या शेवटी त्याला मी एक शब्द वापरून हाक मारली होती. तो शब्द इथे लिहीत नाही. ढोलकीवाल्याच्या जातीला हिणवायला गावात वापरत तो. कुणी घाणेरडा राहिला, कुणी हलकटपणा केला, की आमच्यात त्यालाही तेच म्हणत. लहानपणी मी अंघोळीला कंटाळा केला की आई मला तेच म्हणायची. इतका तो तोंडातला झाला होता.

दादाचा अडकित्ता थांबला.

“हा सबुद काढ.”

“का? चपखल बसतो. पुढचं यमक त्याच्यावरच आहे.”

“ढोलकीवर कोन बसनार हाय?”

“त्याला कुठे म्हटलंय? तुरेवाल्याला म्हटलंय.”

“म्हनूनच सांगतो.”

“म्हणूनच म्हणजे काय?”

त्याला ते नीट सांगता येईना. सुपारीचे तुकडे इकडचे तिकडे करत म्हणाला, “तो ऐकंल ना रं.”

मग मी त्याला भाषणस्वातंत्र्य समजावलं. जाखडीचं रिंगण म्हणजे आपली वादसभा, तिथे एका शब्दाला अडवलं की उद्या दुसऱ्याला अडवतील, सरकार आणि आपण यांत फरक काय राहिला, वगैरे. दादाने सगळं ऐकून घेतलं. चुन्याची डबी बंद केली.

“तू शिकलास, तुला जास्ती कळतं. पन मी नाय म्हननार. तुला म्हनायचं तर तू म्हन. मी मागं साथीला झील धरतो, तेवढं कडवं सोडून.”

शाहिराने आपली जागा दुसऱ्याला देणं आमच्याकडे लहान गोष्ट नाही. त्याने ती सुपारीच्या खांडासारखी माझ्या हातावर ठेवली. मला त्याचाही राग आला. देताना त्याला काही जड गेलं नाही, याचा राग.

दुपारी जेवणं उरकल्यावर आमच्या खळ्यात सामना लागला. सर येऊन गेली होती, ऊन पडलं होतं, बायका ओटीवर आणि पोरं कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसली होती. सवाल-जबाब झाले. मग तुरेवाल्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. शक्तीवाल्यांनी औंदा चष्मा लावलेलं बुजगावणं आणलंय, असं त्याने गायलं. इंग्रजी बोलतं, कावळे उडवतं, पण भात कशाला लागतं ते त्याला विचारू नका. खळं हसून लोटपोट झालं. माझे वडीलही हसले.

“दादा, दे उत्तर,” कुणीतरी ओरडलं.

“मी देतो,” म्हणून मी उठलो.

सुरुवातीला माझा आवाज घसरला. ढोलकीवाल्याने माझ्याकडे न बघता लय जरा खाली घेतली आणि मला सावरलं. नवशिक्याला असं सावरायची त्याची रीत होती. मला वाटलं, माझाच आवाज चढला. दोन कडवी त्याने मला हाताला धरून नेल्यासारखी पार करून दिली. तिसरं आलं. लोक पुढे सरकले. मी तुरेवाल्याकडे बोट करून तो शब्द टाकला.

असं हसू मी त्याआधी कधी मिळवलं नव्हतं, नंतरही नाही. गडग्यावरची पोरं खाली पडायची बाकी होती. आई पदर तोंडाला लावून हसत होती. दादाच्या पदांना लोक डोलतात, टाळ्या देतात, पण असे हसत नाहीत, हे मी त्याही घाईत मनात नोंदवलं. एवढ्यात काहीतरी कमी आहे असं वाटलं. ढोलकी थांबली होती. फेरातल्या गड्यांचे चाळ दोन पावलं तसेच वाजत गेले, मग कुणाचा पाय कुठे पडला कळेना, आणि सगळं विस्कटलं.

ढोलकीवाल्याने खांद्यावरच्या फडक्याने ढोलकीची दोन्ही तोंडं पुसली आणि तो दादाला म्हणाला, “हात भरून आला, दादा. आज पुरं.”

“अरे बस की,” गावचा मानकरी, म्हातारा गावकर म्हणाला. “तुला कोन काय बोललं?”

“मला कोन काय नाय बोललं.”

“शिवी मला घातलीन,” तुरेवाला म्हणाला, “मी बसलोय नि तू कुठं चाललास?”

लोक पुन्हा हसले, पण आता हसू तुटक होतं. तो ढोलकी काखेत मारून वहाळाकडच्या पायवाटेने गेला. ढोलकीशिवाय जाखडी म्हणजे नुसती माणसं गोल फिरणं. सामना मोडला, विडा कुणी खाल्ला नाही. पहिल्यांदाच असं झालं असेल, निदान आमच्या आठवणीत.

संध्याकाळपर्यंत वाडीचं म्हणणं ठरून गेलं होतं. “माजलेत,” कुणीतरी म्हणालं. “बोटाएवढी गोष्ट, नि सण बिघडवला.” मीही हो म्हटलं. मोठ्याने म्हटलं. आईने मला विचारलं, “काय गरज होती?” तिचा प्रश्न मला दिसला नाही. मला दिसलं ते एवढंच, की इतकं हसूनही ती शेवटी दादाच्याच बाजूने झाली.

दुसऱ्या गावचा ढोलकीवाला आणून पाहिला. त्याच्या ठेक्यावर चाळ पडेनात. पुढच्या वर्षी काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडला, कारण मुंबईचे लोक त्या जाखडीसाठी रजा घालून यायचे. ते परत जायच्या आधी गावकीची बैठक बसली, देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी ठेवायच्या दगडी चौथऱ्यावर.

गावकराने तोडगा काढला होता. “ह्यापुढं पदं आधी दाखवायची. कुनाला? तर बी.ए.ला. तो वाचून बरंवाईट ठरवील.”

कुणी हसलं नाही. त्यांना ते अगदी योग्य वाटत होतं, कारण शिकलेला मीच होतो. मी उठलो आणि नाही म्हटलं. सरकार संपादकांचं जे करतं ते आपण शाहिरांचं करायचं का? आज मी तपासीन, उद्या दुसरा कुणी तपासील, परवा कुणाच्या तोंडून गाणंच निघणार नाही. मी चांगलं बोलत होतो, मला ते कळत होतं.

“मास्तर, जरा इंग्लिश कमी करा,” मागून एकजण म्हणाला.

“त्यालाच बोलवा,” दादा म्हणाला. “ज्याचा हात भरून आला त्याला इचारा.”

ढोलकीवाला आला. चौथऱ्याच्या खाली उभा राहिला, वर यायची त्याला मुभा नव्हती. गावकराने तोडगा सांगितला.

“बंदी घालू नका,” तो म्हणाला. मी मान हलवली. वाटलं, हा माझ्याच बाजूचा निघाला. “कुनाला काय म्हनायचं ता म्हना. तोंड तुमचं हाय. हात माजा हाय. त्या सबुदाखाली मी ताल देनार नाय. मग कुनीबी गाऊ दे.”

“पण तुला म्हटलंच नव्हतं,” मी म्हणालो.

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“मला म्हटलं असतं तर बसलो असतो, मास्तर. शिव्या खायाला मी नवा नाय. तुमी तुरेवाल्याला सगल्यात हलकं काय म्हनावं ह्याचा इचार केलात, नि तुमाला आमी सापडलो.”

गावकर खाकरला. एकाने विडी पेटवली. बैठक काही न ठरता उठली. पदं तपासायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मला तिथल्या तिथे लाज वाटली, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. लाज आली, पण मागाहून, आठवडाभराने, खाडीच्या तरीत बसलो असताना. शेजारच्या उतारूने होडीतल्या घाणीवरून तांडेलाला तोच शब्द घातला. तो मी आयुष्यात हजारदा ऐकला असेन. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यामागे एक माणूस उभा दिसला, किडकिडीत, काखेत ढोलकी घेतलेला. बैठकीत मात्र वाटला तो हेवा. चार वर्षं मी त्या एका प्रश्नाभोवती फिरलो होतो, त्यावर बक्षीस घेतलं होतं, आणि माझ्या भाषणात बोलणारा होता, सरकार होतं, कायदा होता. ज्याच्या नावाची शिवी होते तो त्यात कुठेच नव्हता. कुणाचं तोंड न धरता आपला हात मागे घेता येतो, हेही त्यात नव्हतं. चौथऱ्याखाली उभ्या असलेल्या माणसाने ते चार वाक्यांत सांगितलं, आणि ती वाक्यं माझी का नव्हेत म्हणून मी जळत होतो. मला पुण्यात ‘बाल्या’ म्हणत तेव्हा मी तरी काय केलं होतं? हेल बदलला. त्याने ढोलकी उचलली.

दादा मुंबईला जायच्या आदल्या दिवशी वहाळ ओलांडून त्याच्याकडे गेला. त्याच्या अंगणात बसला, त्याच्या घरचं पाणी प्यायला, आणि ते लपवलंही नाही. वाडीत आठ दिवस कुजबुज चालली. गावकराने बाटला म्हटलं, दादाच्या आईला चार घरांनी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. दादा तोवर गिरणीत पोचला होता.

पुढच्या वर्षी तो आल्यावर मी विचारलं, “काय बोललास त्याला?”

“काय बोलनार? बसलो. नवी ढोलकी मढवली व्हतीन, ती वाजवून दाखवलीन.”

“एवढंच?”

“मग अजून काय?”

तेव्हा मला कळलं की दादासाठी ढोलकी येणार. प्रश्न माझा उरला होता. मी वर्षभर वहाळाकडची वाट टाळली होती, लांबच्या घाटीने जात होतो, आणि सामन्यात पुन्हा गायची इच्छा काही मरत नव्हती. नवं पद लिहून तयार होतं. शेवटी गणपतीच्या आधीच्या रविवारी मी ढोलकीवाल्याकडे गेलो. तो दारात बसून वहाणेला टाके घालत होता. मी उभाच राहिलो आणि वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं: “गेल्या वर्षी माझ्याकडून अनुचित शब्दप्रयोग झाला, त्याबद्दल मला खेद आहे.”

त्याने आरी खाली ठेवली. “कागदावर लिवून आनलंत काय?”

“नाही.”

“मंग आपल्या बोलीत बोला.”

“चुकलो मी,” मी म्हटलं. हेल आपोआप परत आला होता.

“बरं,” तो म्हणाला. तेवढंच. माफ केलं म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही. मी आपणहून पायरीवर टेकलो. “नवीन पद हाय काय?” त्याने विचारलं. मी खिशातून काढून वाचलं. तो गुडघ्यावर बोटं वाजवत होता.

“दुसऱ्या कडव्यात दम घ्याला जागा नाय,” म्हणाला. “दोन सबुद कमी करा.”

“वाजवशील?”

“वाजवीन की. वाजवायचं काम माजं.”

त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या बाहेर आणून ठेवला आणि ती आत गेली. मी प्यायलो. पाणी घेताना आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे मी पाहिलं. तेही लिहून ठेवतो.

त्या वर्षी सामना पुरा झाला. तुरेवाल्याने मला पुन्हा सोललं, मी त्याच्या पोटावर आणि घोरण्यावर दोन कडवी म्हटली, लोक बऱ्यापैकी हसले. ढोलकीवाल्याने मला चोख ठेका दिला. एक मात्रा इकडची तिकडे नाही, एक बोट कमी नाही आणि एक जास्त नाही. मग दादा उठला. ढोलकीवाल्याने मांडी मोडून बैठक बदलली, डोळे मिटले, आणि त्याची बोटं अशी काही धावायला लागली, की फेरातले गडी एकमेकांकडे बघून हसायला लागले. मी झांज धरून बाजूला बसलो होतो. माझ्या पदाला जेवढं लागतं तेवढं मला मिळालं होतं. दादाला मिळत होतं ते ढोलकीवाल्याकडून मागून घेता येण्यासारखं नव्हतं.